दुसरी पाटी

एका खाडीच्या काठी पाच राज्यं होती. राज्यं म्हणायची आपली! एका राज्यात कुणी शिंकलं तर शेजारच्या राज्यातून ‘शतंजीव’ ऐकू यायचं, एवढाली. पण पाचांना पाच सिंहासनं होती, पाच झेंडे होते आणि प्रत्येकाला वाटायचं की आपलाच झेंडा सगळ्यात उंच.

डोंगरावर होतं उंचवडे. त्याच्या खाली नारळांचं माडोली, मग सुपाऱ्यांचं सुपारखंड, मग चुन्याच्या भट्ट्यांचं चुनेगाव. आणि अगदी खाली, खाडीच्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं खारवट. राजवाडे वेगवेगळे असले तरी पाचांचं भात मात्र एकाच खाजणात पिकायचं. खाजण म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. पुढे मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या बाहेर खारं पाणी आणि आत हिरवंगार भात. बांध होता म्हणून भात होतं, आणि भात होतं म्हणून राजे होते. हे कुणी विसरू नये म्हणून जुन्या शहाण्या माणसांनी पाच राज्यांची एक जूट बांधून दिली होती.

जुटीचं मुख्यपण दरवर्षी पाळीने एकेका राज्याकडे जायचं. ज्याची पाळी असेल त्याने चैत्रात चिखलाची पहिली पाटी स्वतःच्या डोक्यावरून न्यायची आणि बांधाच्या सगळ्यात खालच्या जागी टाकायची. ती जागा खारवटच्या उघाडीपाशी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडायचं आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. भरती आली की लावून घ्यायचं. पाची राज्यांचं पाणी त्या एका दारातून जायचं.

जुने लोक म्हणायचे, ‘पहिली पाटी मानाची, दुसरी कामाची.’ म्हणजे राजाने एक पाटी टाकली की मागोमाग सगळ्यांनी दुसरी, तिसरी, चौथी टाकायची आणि बांध धड झाल्याशिवाय घरी जायचं नाही. पण बांध कितीतरी वर्षं फुटला नव्हता. न फुटणाऱ्या बांधाकडे कोण बघतं? हळूहळू पहिली पाटी तेवढी राहिली. तिच्यापुढे ढोल आले, मागे अबदागिरी आली, आणि दुसऱ्या पाटीच्या वेळेला पंगत बसायला लागली.

त्या वर्षी पाळी उंचवड्याच्या रायाजीराजाची होती. माणूस मनाचा चांगला, कुणाच्या ताटातलं ओढून घेणारा नव्हे. फक्त आपण चारचौघांत उठून दिसावं एवढी एक हौस होती. आता ही हौस कुणाला नसते? राजाला असली की तिचा खर्च रयतेला पडतो, एवढाच फरक.

रायाजीला एक गोष्ट सांगायला फार आवडायची. तो लहान असताना उंचवड्यात तापाची साथ आली होती. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळलेली, आणि खाजणातलं भात पिकून गळायला लागलेलं. कापायला हात नव्हते. तेव्हा खारवटचे लोक विळे घेऊन आले. त्यांचं स्वतःचं भातही उभंच होतं. रायाजीच्या वडलांनी विचारलं, “अहो, मग तुमच्या पिकाचं काय?” तर खारवटचा म्हातारा राजा म्हणाला, “आधी ज्याचं गळतंय, त्याचं.” त्या भातावर रायाजी वाढला होता.

ही गोष्ट तो प्रत्येक पंगतीत सांगायचा. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे क्षणभर थांबायचं, सगळं बसलेलं होतं. तो थांबला की वाढपीसुद्धा ओळखायचे, आता ताकाची वेळ झाली. सांगून सांगून ती गोष्ट नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. हातात धरायला छान, टोचत मात्र कुठेच नव्हती.

आता ऐका, त्या वर्षी काय झालं.

इतकी वर्षं या पाचांच्या डोक्यावर घाटावरच्या महाराजाचा हात होता. तो यांचा तांदूळ घ्यायचा, चाचे आले तर शिपाई धाडायचा आणि बदल्यात दसऱ्याला मुजरा घ्यायचा. पण घाटावर भाऊबंदकी माजली. बडा घर, पोकळ वासा! बैलांचे तांडे येईनासे झाले, शिपाई तर त्याहून येईनासे. आणि इकडे समुद्रावर उंच डोलकाठ्यांची गलबतं दिसायला लागली. ती होती दर्यापारच्या सम्राटाची. आज या बंदरात त्याचं निशाण, उद्या त्या बंदरात. जगाचं वारं फिरलं होतं, आणि ते कुठून कुठे चाललंय हे कुणालाच कळत नव्हतं.

चैत्रात जुटीची बैठक भरली. आपल्या जुटीने आता आधी काय करायचं, एवढाच प्रश्न होता. माडोलीचा कान्हेराव म्हणाला की आधी तोफा घ्याव्यात. सुपारखंडचा राजा म्हणाला की छे, आधी घाटावर माणसं पाठवून जुन्या धन्याला जागं करावं. चुनेगावच्या राजाचं म्हणणं पडलं की धनी बदलला, आता आधी दर्यापारची भाषा शिकावी. रायाजीच्या मनात एक भव्य कमान होती. खाडीच्या तोंडाशी अशी कमान उभी करायची की येणाऱ्याने बघतच राहावं. आपण कुणी ऐरेगैरे नाही हे त्याला आधी कळलं म्हणजे पुढचं बोलणं सोपं. चौघांनी चार कामं सांगितली आणि चारही पहिली. एक ना धड, भाराभर चिंध्या!

उरली खारवटची राणी आवडाबाई. त्या म्हाताऱ्या राजाची ही नात. ती म्हणाली की उघाडीच्या डाव्या अंगाला बांध खेकड्यांनी पोखरलाय. भरतीला आतून पाणी पाझरतं. आधी तिथे माती पडायला हवी.

कान्हेराव हसला. दोन सम्राटांची गोष्ट चाललीय आणि बाई खेकड्याची गोष्ट सांगतात, असं तो म्हणाला. सगळेच हसले. रायाजीही हसला, पण लगेच सावरून म्हणाला की बाई, काळजी नको, पहिली पाटी तिथेच तर पडणार आहे.

आणि पडली हो. थाटात पडली. रायाजीने त्यासाठी खास चांदीची पाटी घडवून घेतली होती. चांदीच्या पाटीत चिखल तो किती मावणार? ओंजळभर. ती ओंजळ बांधावर पडली, ढोल वाजले, बायकांनी ओवाळलं आणि मंडळी पंगतीकडे वळली.

आवडाबाई तिथेच उभी राहिली. तिने हळूच विचारलं, “दादा, दुसरी पाटी?”

रायाजी वळून म्हणाला, “होईल हो. कमान झाली की लगेच.”

मग पाची राज्यांची माणसं कमानीवर लागली. बांबू आले, माडाचे सोट आले, झावळ्यांची विणलेली झापं आली, वाखाचे दोर आले. आवडाबाईने आपली माणसं घेऊन जमेल तेवढी माती बांधावर टाकली. पण खारवट लहान आणि बांध मोठा. तिने हात जोडून देवाला सांगितलं की एवढं वर्ष निभावून ने.

भाद्रपद आला. भात पोटरीला आलं. कमान उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर दिसत होती झकास. पौर्णिमेच्या दिवशी दर्यापारचा वकील गलबतातून उतरला. रायाजीने त्याला उंचवड्याच्या खालच्या ओट्यावर मेजवानी दिली. तिथून कमानही दिसायची आणि सगळं खाजणही. चारही राजे हजर होते. आवडाबाई आली नव्हती. पौर्णिमेचं उधाण आहे, मी बांधावर आहे, असा तिचा निरोप होता. रायाजीला तो जरा अपमानच वाटला.

वकील मोठा गोड बोलणारा. त्याने रायाजीच्या अंगावर जरीचा झगा घातला, आणि बाजूला घेऊन सांगितलं की सम्राटांना या खाडीवर एकच मोठं बंदर हवंय. ते तुमच्या पायथ्याशी होईल. अट एवढीच की तुम्ही जूट सोडायची. लहानांच्या घोळक्यात राहून मोठं कसं होता येईल?

 रायाजीच्या अंगावर झगा असा बसला होता की जणू मापानेच शिवलेला. गलबतांनी भरलेलं बंदर त्याला समोर दिसायला लागलं. हो म्हणावं असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, अगदी जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात खालून हाक आली. “खांड पडली हो, खांड!”

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. या खाडीवर एक जुनी रीत होती. खांडीची हाक ऐकली की हातातलं काम टाकून धावायचं. जेवणारा ताटावरून उठायचा, लग्नातला नवरदेव बोहल्यावरून उतरायचा. पण ती हाक इतक्या वर्षांत कुणी ऐकलीच नव्हती. राजे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

खाली उघाडीच्या डाव्या अंगाला भगदाड पडलं होतं आणि भर दुपारच्या भरतीचं पाणी आत घुसत होतं. आवडाबाई कंबरभर पाण्यात उभी होती. तिची माणसं अंगाला अंग लावून पाणी अडवू बघत होती. आत पाची राज्यांचं भात उभं होतं. पोटरीतल्या भाताला खारं पाणी लागलं की संपलं सगळं. वर्षभर तोंडात घालायला दाणा मिळायचा नाही.

वकिलाने खाली एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, “महाराज, ते खालच्यांचं काहीतरी दिसतंय. तुम्ही तर उंचावर आहात.”

रायाजीने समोरच्या ताटाकडे पाहिलं. ताटात भाताची मूद होती. आणि अहो, इतकी वर्षं जी गोष्ट तो पंगतीत घोळवून घोळवून सांगत होता, ती त्याला पहिल्यांदा टोचली. आपलं गळत होतं तेव्हा ते आले होते. त्यांचं उभं पीक टाकून आले होते. तेव्हा त्यांच्यातला कुणी म्हणाला असता की ते वरच्यांचं काहीतरी दिसतंय, तर आज हे ताट कुठलं नि हा झगा घालायला अंग तरी कुठलं? गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते हेच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो उठला. वकिलाला नीट हात जोडून म्हणाला, “साहेब, आधी ज्याचं गळतंय त्याचं. तुमचं बोलणं नंतर.”

आणि राजा धावत सुटला! झगा पायात येत होता, पागोटं कुठल्याशा काट्याला अडकून राहिलं. धावता धावता त्याने ओरडून सांगितलं की कमान उपटा, बांबू खाली आणा. माणसांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं, आणि जी कमान उभी करायला उन्हाळा-पावसाळा लागला होता ती बघता बघता आडवी झाली.

मागे कान्हेराव काही काळ बसूनच होता. त्याला वाटलं यात रायाजीचा काही डाव असेल. पण डाव खेळणारा माणूस चिखलात अनवाणी पळत नाही. तोही उठला. मग सुपारखंडचा, मग चुनेगावचा. चुनेगावकर चांगलाच स्थूल. त्याला उतारावरून दोघांनी धरून आणावं लागलं, पण आला.

कमानीचे बांबू भगदाडात उभे ठोकले. त्यांना झापं लावली. झापांच्या आत माती टाकायची, तर पाणी माती टिकू देईना. पोती हवी होती आणि पोती नव्हती. रायाजीने अंगातला झगा काढला, त्याच्या अस्तन्यांना गाठी मारल्या आणि म्हणाला, “भरा यात.” जरीच्या झग्यात मातीच माती! झगा भगदाडात जाऊन असा बसला की आजवर कुणा राजाच्या अंगावर इतका घट्ट बसला नसेल. मग बाकीच्यांनी उपरणी काढली, धोतराचे सोगे फाडले, मेजवानीचे गालिचे आणले. पाट्या डोक्यांवरून चालल्या. कुणाची कितवी, कोण मोजतंय? माडोलीची माती चुनेगावच्या हातातून खारवटच्या बांधावर पडत होती.

भरती ओसरली तेव्हा बांध उभा होता. उघाडीजवळचा भाताचा एक पट्टा गेला, तो खारवटचा. बाकी खाजण वाचलं.

चारही राजे बांधावर बसले होते. चिखलाने इतके माखले होते की कोण कुठला हे त्यांच्या बायकांनाही ओळखू आलं नसतं. रायाजी आवडाबाईपुढे गेला आणि वाकला. वयाने ती लहान, तरी वाकला. म्हणाला की बाई, तुमच्या आजोबांचे उपकार मी आयुष्यभर तोंडाने फेडत आलो. तुम्ही दुसरी पाटी मागितलीत आणि मी कमान दाखवली. तुम्ही आज बांधावर नसता तर आम्हाला हाक मारायलाही कुणी नसतं.

 कपाळावरचा चिखल पुसत आवडाबाई म्हणाली, “उपकार कसले, दादा? बांध तुमचाच आहे. फक्त आमच्या दारात आहे.”

हे ऐकून कान्हेराव खाली मान घालून बोलला, की मघाशी वकिलाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बंदर माडोलीत होईल, जूट सोड. चुनेगावकर चमकला. म्हणाला, मलाही! सुपारखंडचा नुसताच खोकला. एक बंदर चौघांना कबूल केलेलं होतं. मग सगळे असे हसत सुटले की बांधावरचे बगळे उडाले.

तिथेच, त्या ओल्या बांधावर, जुटीची खरी बैठक झाली. आधी काय करायचं हा प्रश्न पुन्हा निघाला. पण आता रायाजीने तो वेगळा विचारला. म्हणाला की हे काम राहिलं तर आधी कुणाचं बुडेल, एवढं सांगा. असं विचारल्यावर कामं आपसूक ओळीने उभी राहिली. आधी बांध आणि उघाडी. मग दुष्काळासाठी पाचांचं एक सामाईक कोठार. मग खाडीच्या तोंडावर पहारा, त्यात कान्हेरावाच्या तोफाही आल्या. भाषा शिकायची, पण दर्यापारचीही आणि घाटावरचीही. आणि कुठल्याही वकिलाशी बोलायचं ते पाचांनी मिळून, एकेकट्याने बाजूला जायचं नाही. कमानीचं नाव कुणी काढलं नाही.

दर्यापारचा वकील काही दिवसांनी परत आला. त्याला बांधावरच बसवलं. आधी जरा नाक मुरडलं त्याने, पण मग पाच जणांशी एका भावाने तांदळाचा करार करून गेला. पुढे घाटावरच्या महाराजाची घडी थोडी बसली, तेव्हा त्याचा वकीलही आला. त्यालाही तिथेच बसवलं. कुणापुढे लोटांगण नाही आणि कुणावर डोळे वटारणं नाही. पोटात आपला भात असला की माणसाचा आवाज नीट राहतो.

चांदीची पाटी मोडून उघाडीला नवं सागवानी दार बसवलं. आणि नवं भात घरात आलं तेव्हा रायाजीने सांगितलं की पहिल्या दाण्याची पंगत खारवटात बसेल. ज्यांचा पट्टा बुडाला होता त्यांना चारही राज्यांनी आपल्या भाताचा वाटा आधी पोचवला आणि मगच आपल्या चुली पेटवल्या. पंगतीत राजे वाढायला होते.

जेवणं चालू असताना कुणीतरी म्हणालं, रायाजीमहाराज, ती साथीची गोष्ट सांगा की. रायाजी सांगायला लागला. खारवटचे लोक विळे घेऊन आले इथपर्यंत ठीक आलं. पुढे नेहमीच्या जागी तो थांबला. वाढपी ताक घेऊन उठला. पण या वेळी राजा मुद्दाम थांबला नव्हता. त्याला पुढचं बोलवेना. मोठाल्या गलबतांना न भ्यालेला माणूस, भाताचं भांडं हातात धरून पंगतीत रडायला लागला.

आवडाबाई उठली. तिने त्याच्या हातातलं भांडं घेतलं, त्याला पाटावर बसवलं आणि त्याच्या ताटात गरम भात वाढला. म्हणाली, “जेवा दादा. गोष्ट आम्हाला ठाऊक आहे.”

पुढच्या चैत्रात पाळी दुसऱ्याची होती. तरीही रायाजी बांधावर आला, डोक्यावर साधी वेताची पाटी घेऊन. ढोल नव्हते. पाळीच्या राजाने पहिली पाटी टाकली आणि त्याच्या मागोमाग रायाजीने दुसरी.

तात्पर्य: जगातले बलवान बदलत राहतात; लहानांनी एकजुटीने राहावं, आपल्यातला सगळ्यात खालचा बांध आधी बांधावा, आणि तो राखणाऱ्याचे उपकार तोंडाने नव्हे, दुसऱ्या पाटीने फेडावेत.